न लिहिलेला सातवा मुद्दा

दादा,

मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं सेक्रेटरीबाई तेराव्याच्या जेवणात माझ्या पानात जिलबी वाढता वाढता म्हणाल्या. "शैलाताई, तुमच्याइतकं दादांना कोण ओळखतं? बहीण-भावाचं असं प्रेम आजकल बघायला मिळत नाही." मी मान हलवली आणि जिलबी खाल्ली. तुझी जन्मतारीख, फौजेच्या वर्कशॉपातली नोकरी, सुभेदारकी, वहिनी गेल्यावर एकट्याने ओढलेला संसार, हे सगळं त्यांच्याकडे आहे. तुझा तो मिशीवाला फोटो टाकून ते छापतील. मी लिहिते आहे ते त्यांना द्यायचं नाही. तुला एक सांगायचं राहून गेलं म्हणून लिहिते आहे. शिवाय आता तू मध्येच "बरं बरं, पुढे बोल" म्हणू शकत नाहीस, म्हणून हिंमत झाली.

सगळे गेल्यावर तुझ्या पालमच्या घरातल्या फ्रिजवरचा कागद मी काढला. माझ्याच अक्षरातला. वर 'विषय : व्हॅनची नोंदणी', खाली ओळीने सहा मुद्दे, आणि सहाही मुद्द्यांवर तुझ्या लाल पेन्सिलीची बरोबरची खूण. दोन वर्षांहून जास्त तो तिथे होता. दर रविवारी चहाला दूध काढायला मी फ्रिज उघडायची आणि तो माझ्या नाकासमोर यायचा. तू तो फाडून का टाकत नाहीस ते मला कळत नव्हतं.

सातवा मुद्दा मी लिहिला नव्हता. विसरून नाही, मुद्दाम.

तू म्हणशील, बात का बतंगड करू नकोस, सरळ सांग. सरळच सांगते. मला आई नको होती.

बावीस वर्षं मी तिला सांभाळलं होतं, दादा. तू जोधपूर, भटिंडा, जबलपूर करत फिरत होतास आणि मी आर. के. पुरमच्या माझ्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये आईबरोबर होते. लग्न न झालेली मुलगी घरात असली की आईचं काय करायचं हा प्रश्नच कुणाला पडत नाही. तुलाही पडला नाही. तू सुट्टीवर यायचास, आईला शाल आणायचास, कूलरची मोटर खोलून साफ करायचास आणि चौथ्या दिवशी ट्रंक उचलायचास. आई दाराशी उभी राहून रडायची. मी रोज ऑफिसला जायची तेव्हा ती रडत नसे, डबा विसरलीस म्हणून ओरडत असे.

रिटायर झाल्यावर मी नोएडात तळमजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. तूही तोवर घरी बसला होतास. तेव्हा पहिल्यांदा मी तोंड उघडलं आणि आपण पाळी ठरवली. चार महिने तुझ्याकडे, चार महिने माझ्याकडे. आईला कुणी विचारलं नाही. ज्या दिवशी ती पहिल्यांदा तुझ्याकडे गेली, त्या दिवशी मी दाराला आतून कडी लावली आणि आत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. स्वतःच्या घरात, वयाच्या साठाव्या वर्षी, पहिल्यांदा. ती कडी तूच केलेली. मी नोकरीला लागून मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहत होते तेव्हा दोन दिवसांची सुट्टी काढून तू आलास, खोलीचं फुसकं दार पाहून काही बोलला नाहीस, आणि संध्याकाळी माझ्या मनगटाएवढी लोखंडी कडी ठोकून दिलीस. "आता बिल्कुल टेन्शन नाही. रणगाडा आला तरी थांबेल," म्हणालास. घर बदललं की मी आधी ती कडी उचकटून बरोबर घेतली. त्या मुनिरक्याच्या खोलीत मी निर्धास्त झोपले ते तुझ्यामुळे. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तू लगेच सगळ्या मंडळाला सांगितलं असतंस.

आईची पाळी बदलायची ती तुझ्या व्हॅनमधून. फौजेच्या लिलावात घेतलेली पन्नास वर्षांवरची अँब्युलन्स, तुझा जीव की प्राण. आईचा खुबा मोडल्यापासून तिला गाडीत बसवत नसे, आडवंच न्यावं लागे. भाड्याच्या अँब्युलन्समध्ये ती पाय ठेवेना. "मेलेली माणसं झोपली तिथे मी निजणार नाही," म्हणायची. तुझ्या व्हॅनमध्ये किती जवान मेले असतील ते आपण तिला सांगितलं नाही. तू स्ट्रेचरवर गादी शिवून घेतली होतीस. तिला आडवं केलं, पट्टा लावला, की दर वेळी ती छताकडे बघत एकच विचारायची.

"किती महिने?"

"चार, आई."

"बरं."

मग डोळे मिटून घ्यायची. पालमहून नोएडाला जाताना किंवा नोएडाहून पालमला, तेच.

त्या वर्षी गणपतीत मंडळाच्या मंडपात तू जे बोललास ते तुला आठवत नसेल. बोलणाऱ्याला आठवत नाही. कुणीतरी विचारलं, आईंची कशी काय व्यवस्था. तू प्रसादाची वाटी हातात घेऊन हसत म्हणालास, "निम्मं शैलीकडे. खरं तर सगळंच तिच्याकडे ठेवायला हवं, तिला कुठे संसार आहे?" सगळे हसले. मीही हसले. हातातला मोदक संपवला.

पुढच्या रविवारी तू आईला माझ्याकडे आणत होतास आणि मी पुढच्या सीटवर होते. मोतीबागेपासून आपलं भांडण सुरू झालं. संसार म्हणजे काय, बायको म्हणजेच का, बावीस वर्षं मी काय अंगत-पंगत करत होते का, असं मी बोलत गेले. तू एकदा "यार शैले, मजाक होता," म्हणालास. मग तूही चिडलास. तू म्हणालास, आईला सांभाळलंस म्हणून क्वार्टरमध्ये सोबत तरी होती, नाहीतर कोण होतं तुला. मी म्हटलं, गाडी थांबव. तू माझ्याकडे बघून म्हणालास, "उतर, जा." तेव्हा आपण माझ्या सेक्टरच्या गेटात होतो आणि गेटातला स्पीडब्रेकर तू पाहिला नाहीस.

मागच्या चाकांचे स्प्रिंगचे पाटे लाकडासारखे कडक. आई पट्ट्यासकट उचलली गेली आणि आपटली. ती ओरडली नाही. तिने फक्त "अगं बाई" म्हटलं, अगदी हळू, दूध उतू जाताना बघितल्यासारखं. मणक्याला चीर गेली होती. डॉक्टर म्हणाले, आता जन्मभर पाठीवर. हलवायचंच असेल तर एकही दणका लागता कामा नये.

तुझ्या घरी तिची पाळी संपली होती आणि माझ्याकडची सुरू होत होती. तरी फौजी हॉस्पिटलमधून तू तिला पालमलाच नेलंस, कारण ते तिथून जवळ होतं. जाताना मला म्हणालास, "बरी झाली की तुझ्याकडे आणतो." मी म्हटलं, "तू पाठ मोडलीस, तूच बघ." हे मी हॉस्पिटलच्या पोर्चमध्ये, आईच्या डोक्याशी उभी राहून म्हटलं. तू वर बघितलं नाहीस.

भांडण तिथेच राहिलं. आपण ते पुन्हा कधी काढलं नाही. दुसरा एखादा माणूस पश्चात्ताप झाला की देवळात जातो, तू मायापुरीच्या भंगार बाजारात गेलास.

महिनाभराने मी आले तर अंगणात व्हॅन लाकडी ओंडक्यांवर चढवलेली आणि तिच्या बाजूला एका परदेशी गाडीचा मागचा सगळा सांगाडा पडलेला. तू मला हात धरून आत नेलंस. स्वयंपाकघरातून लाटणं आणलंस, आईच्या पलंगाशी बसलास आणि तिच्या समोर दोन्ही मुठी धरून त्यावर लाटणं ठेवलंस.

"आई, हे बघ. ही दोन मागची चाकं आणि हा मधला एकच दांडा. एक मूठ वर केली की काय होतं?"

"लाटणं पडतं," आई म्हणाली.

"कलतं! म्हणजे एका चाकाला ब्रेकर लागला की दुसऱ्यालाही धक्का, आणि सगळा धक्का तुझ्या पाठीला. आता आपण लाटणं मधून तोडायचं. हे चाक वेगळं, ते चाक वेगळं. प्रत्येकाला आपली आपली स्प्रिंग. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही."

"एकाचं दुसऱ्याला कळत नाही, असं?"

"बिल्कुल."

आईने एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मग तर छानच चालेल," म्हणाली.

मी विचारलं, "आणि पुढच्या चाकांचं काय?"

"पुढचं तसंच राहील. एवढा वेळ कुणाकडे आहे?"

"पुढच्या सीटवर बसणाऱ्याने काय करायचं?"

"पुढे तूच बसणार," तू हसलास. "तुझी पाठ सरकारी आहे. तिला काय होतंय?"

आता कागदाचं. दिल्लीत जुनी गाडी ठेवायची नाही हा नियम त्या वर्षी कडक झाला होता, पण गाडी फारच जुनी, पन्नास वर्षांवरची असली, तर तिची खास नोंदणी करून ती वाचवता येत होती. रोज फिरवायची नाही, प्रदर्शनाला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला काढायची. तू त्यावर खूश. "वर्षातून तीनदा तर काढायची. कुणी अडवलं तर सांगू, प्रदर्शनाला चाललोय. आईपेक्षा जुनं काय दाखवणार?" तुला इंग्रजी छापील कागद बघितला की झोप यायची. तू नियमाचा तो चोपडा माझ्या हातात दिलास. "तू वाच, यार. मला फक्त सांग काय काय करायचं. तुझ्यासारखं नोटिंग कुणी करत नाही."

मी मेट्रोत बसून वाचलं. अर्ज, विमा, फोटो, फी, जुनी कागदपत्रं, तपासणी. आणि एक अट : गाडी मूळ स्वरूपात असावी, इंजिनात, बॉडीत किंवा चॅसीत मोठा बदल केलेला नसावा. मी ती ओळ दोनदा वाचली. मागची चाकं सुटी करायची म्हणजे चॅसीचे दोन लोखंडी दांडे कापून नवा सांगाडा वेल्ड करायचा, हे तू मला अर्धा तास समजावलं होतंस. चॅसी कापली की नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणजे व्हॅन नाही. व्हॅन नाही म्हणजे आई जिथे आहे तिथेच. आणि आई तेव्हा तुझ्याकडे होती.

हे मी सावकाश विचार करून ठरवलं, रागाच्या भरात नाही. मेट्रोत उतरायचं स्टेशन येईपर्यंत माझं ठरलं होतं. घरी जाऊन मी कोरा कागद घेतला, समास आखला, आणि सहा मुद्दे लिहिले. नोटिंग चांगलं झालं होतं. पस्तीस वर्षांत मी एकही ओळ वगळली नव्हती, साहेब माझ्या टिपणावर न वाचता सही करायचे. तूही तसंच केलंस.

चॅसी कापायच्या दिवशी तू मला मुद्दाम बोलावलंस, जसं घराच्या पायाभरणीला बोलावतात. बलबीर मिस्त्री गॅसकटर घेऊन उकिडवा बसला होता. व्हॅनच्या पोटाखाली तू खडूने दोन रेघा मारल्या होत्यास.

"सुभेदार साब, एक बार कट गया तो वापस नहीं होगा," बलबीर म्हणाला.

तू माझ्याकडे वळलास. "शैले, शेवटचं विचारतो. कागदात काही अडत नाही ना?"

तुझ्या हातात वहिनीची जुनी सुती ओढणी होती, ग्रीस पुसायला घेतलेली. कपाळावर काळा डाग होता. मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, "सहा मुद्दे दिलेत ना लिहून?"

"काट दे," तू म्हणालास.

ठिणग्या उडाल्या. मी डोळ्यांवर पदर धरला. आतून आईने विचारलं, "काय जळतंय रे?" तू ओरडून सांगितलंस, "काही नाही आई, तुझा पलंग मऊ करतोय."

पाच महिने तू त्या कामाला लागला होतास. दोन्ही चाकांची उंची एका रेषेत येईना, मग सगळं उतरवून पुन्हा वेल्ड केलंस. एक शाफ्ट आखूड पडला, तो पुन्हा करवून आणलास. स्ट्रेचरवर पाण्याने काठोकाठ भरलेला टोप ठेवून तू गल्लीतल्या ब्रेकरवरून व्हॅन न्यायचास आणि किती सांडलं ते बघायचास. ज्या दिवशी एक थेंब सांडला नाही त्या दिवशी तू मला फोन केलास. मी भाजी निवडत होते. तू लहान मुलासारखा बोलत होतास. मी "अरे वा" म्हटलं आणि मेथीच्या काड्या मोडत राहिले.

तपासणीला तू एकटाच गेलास. अधिकाऱ्याने वाकून खाली बघितलं आणि दोन मिनिटांत अर्ज परत केला. तू फोनवर एवढंच म्हणालास, "नाही झालं. चॅसीला हात लावला म्हणाले." मी म्हटलं, "असं कसं?" तू "जाऊ दे, चहा टाकलाय, उतू जाईल," म्हणून ठेवून दिलास. मी दोन दिवस वाट पाहिली की तू येऊन भांडशील. तू आला नाहीस. मला वाटलं, याला काही कळलेलंच नाही. फौजी डोकं, म्हटलं. तुला असं समजण्यात मला किती आराम होता ते तुला काय सांगू?

आई तुझ्याकडेच राहिली. माझ्याकडच्या तिच्या खोलीत मी आरामखुर्ची टाकली. वेताची, पाय ठेवायला पाट असलेली. दुपारी त्यात पेपर वाचता वाचता मला झोप लागायची आणि कुणी हाक मारायचं नाही. दोन वर्षं मी सुखात होते, दादा. लोक म्हणतात, पाप केलं की मन खातं. मला कुणी खाल्लं नाही. रविवारी डबा घेऊन यायची, पाच वाजता परत निघायची. तू आईला कुशीवर वळवायचास, पुसायचास, पावडर लावायचास, आणि मी दाराशी उभी राहून तुला उशी कुठे ठेवायची ते सांगायची. तुझी कंबर वाकत चालली होती ते मला दिसत होतं. रविवारी मी निघायच्या आधी तू न चुकता अंगणात जाऊन व्हॅनवरची ताडपत्री काढायचास आणि इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायचास. "बॅटरी उतरू नये म्हणून," असं म्हणायचास. मी म्हणायची, "कशाला पेट्रोल जाळतोस? ही आता कुठे जाणार?" तू म्हणायचास, "असू दे."

मंगळवारी सकाळी तू आईला कुशीवर वळवलंस, तिच्या पाठीशी उशी लावलीस आणि तिच्या मागे जमिनीवर बसलास. आईचं तोंड भिंतीकडे. तिला आपण होऊन वळता येत नाही. तिला वाटलं तू पलंगाखाली पावडरचा डबा शोधतो आहेस. ती बोलत राहिली. काल वरण खारट झालं होतं, खिडकी लाव, शैलीला सांग येताना तांबडी साबणवडी आण. कामवाली यायला दीड तास होता. तो सगळा वेळ तिने भिंतीकडे बघून तुझ्याशी गप्पा मारल्या, मग हाका मारल्या, मग शिव्या दिल्या. शेवटी गप्प झाली. बाईने दार उघडलं तेव्हा म्हणाली, "त्याला उठव आधी."

तू मला एकदाही म्हणाला नाहीस की थकलोय. म्हणाला असतास तर मी काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. "बाई ठेव," म्हटलं असतं.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बलबीर आला. मी त्याला निरोप पाठवला होता. त्याने ताडपत्री काढली, चावी फिरवली, आणि व्हॅन पहिल्याच झटक्यात सुरू झाली. त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

"ताई, पेपर?"

"नहीं हैं."

"रोक लिया तो?"

"तो मैं बोलूँगी, रिटायर्ड सेक्शन ऑफिसर हूँ. मुझे पता है, नहीं हैं."

आईला चौघांनी उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. पट्टा मी लावला. मी वाट बघत होते, पण 'किती महिने' हे तिने विचारलं नाही. ती नुसती छताकडे बघत होती. तिथे तू आतून फिकट निळा रंग दिला होतास, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी पुढे जाऊन बसले.

गल्लीच्या तोंडाशी पहिला ब्रेकर आला आणि माझ्या कवळ्या एकमेकींवर आपटल्या. बलबीर म्हणाला, "आगे तो वही पुराने पट्टे हैं, ताई. साब ने बोला था, आगे कुछ मत छेड़ना."

"आई, लागलं का?" मी मागे न बघता विचारलं.

"काय?"

"ब्रेकर गेला."

"हो का? मला नाही कळलं."

आर. के. पुरमच्या सिग्नलपर्यंत चार ब्रेकर आणि एक खोदलेला रस्ता. मी दर वेळी दाराचं हँडल धरत होते आणि दर वेळी मागे काही नव्हतं, तिचा श्वास तेवढा. तुझा टोप खरा होता रे. एक थेंब सांडला नाही. ही गाडी तिने एकदा अनुभवावी असं तुला वाटत होतं आणि ती दोन वर्षं ताडपत्रीखाली मी ठेवली.

आश्रम चौकाचा पूल उतरल्यावर आई बोलायला लागली. आवाज नेहमीसारखाच, वरण खारट झालं हे सांगावं तसा.

"त्याला कळलं होतं."

"काय, आई?"

"तू कागदात लिहिलं नव्हतंस ते. त्या साहेबाने दाखवलं त्या दिवशी घरी आला, माझ्यापाशी बसला. म्हणाला, शैली ओळ चुकवत नाही."

पुढे काय रस्ता होता ते मला आठवत नाही. बलबीरला मराठी कळत नाही याचं मला बरं वाटलं. बघ, तेव्हाही मला हेच सुचलं.

"मग मला बोलला का नाही?"

"मी म्हटलं, बोल तिला. म्हणाला, बोललो तर लाजेने येऊन तुला घेऊन जाईल. लाजेने केलेलं तुला सोसणार नाही, राहा इथेच." मग ती म्हणाली, "मलाही तेच बरं वाटलं."

दादा, आयुष्यभर मी तुला लोखंडाचा माणूस समजत आले. कागद माझा, लोखंड तुझं. तू दर रविवारी माझ्या नाकासमोर तो कागद ठेवून मला चहा देत होतास, आणि दोन वर्षांत तोंडातून ब्र काढला नाहीस. मला शिक्षा करत होतास की वाट बघत होतास? फौजेत असं कुठे शिकवतात? एकदा तरी ओरडायचं होतंस. मी उलटून बोलले असते, आपण कडाकडा भांडलो असतो, आणि कदाचित मी तिला घेऊन गेले असते. लाजेने का होईना. तुझी कंबर तरी वाचली असती. पण तुला मोठेपणा हवा होता आणि तो तू मिळवलास. मी तुझ्यावर अजून रागावलेलीच आहे, आणि तुझ्यासारखा भाऊ मला पुन्हा मिळणार नाही. ही दोन्ही वाक्यं मंडळाला देता येणार नाहीत.

माझ्या सेक्टरचं गेट आलं. तोच ब्रेकर. बलबीरला ठाऊक नव्हतं, त्याने वेग फारसा कमी केला नाही. मला खालून असा दणका बसला की डोळ्यांत पाणी आलं. मागे सगळं शांत.

"तुमचं गेट आलं का गं?" आईने विचारलं.

"गेलं, आई. आत आलो आपण."

"बरं." मग तिने ते विचारलं. "किती महिने?"

माझ्या तोंडात सवयीने 'चार' आलं होतं. मी ते गिळलं. "आता महिने नाहीत, आई. आता माझ्याकडेच."

मी बलबीरला हाताने घर दाखवलं. मला वाटलं, आई झोपली.

"असं," आई म्हणाली. "म्हणजे तुझा नाइलाज झाला."

गाडी थांबली. मी उतरले, कुलूप काढलं, आणि तिच्या खोलीतली माझी आरामखुर्ची बाहेर काढायला आत गेले.